फुकट चराई आणि उपाशी घोडे



गेल्या कार्तिकात आमच्या शिवारात धनगरांचा वाडा उतरला नाही. दरसाल दिवाळी झाली, सोयाबीन निघाले, कापसाची वेचणी निम्म्यावर आली की घाटाच्या वाटेने पाच-सहा बिऱ्हाडे यायची. तीनेकशे मेंढ्या, दोन कुत्री आणि सामान वाहायला सात घोडी. महिना-दीड महिना मुक्काम. आज याच्या वावरात मेंढ्या बसल्या, उद्या त्याच्या. एका रात्रीच्या लेंडीखताला आमचे बाप ज्वारी मोजून द्यायचे, आम्ही रोख द्यायचो. गेल्या साली वाट पाहून पाहून शेवटी आम्हीच फोन केला. वाड्यातले म्हातारे बाबा म्हणाले, "पाटील, मेंढरं काय, बोरी-बाभळीच्या पाल्यावरबी दिवस काढत्यात. घोड्याला काय घालू? तुमच्या गायरानात आता दात टेकवायला गवत ऱ्हायलं न्हाई."

बाबा खोटे बोलले नाहीत. आमच्या गावची ई-क्लास चाळीस एकर आहे, कागदावर. खाली उतरून पाहा. एका अंगाला मुरूम काढून काढून खड्डे पडले. दुसऱ्या अंगाला वेडी बाभूळ माजली. मधल्या माळावर पावसाळ्यात हिरवेगार दिसते, पण जवळ गेले तर तो तरोटा आणि गाजरगवत. जनावर त्याला तोंड लावत नाही. ही काही एका गावची गोष्ट नाही. चिखली-मेहकरकडे घाटावर जा, नाही तर नांदुरा-मलकापूरकडे घाटाखाली या, ई-क्लासची हीच कळा आहे.

शेतकऱ्यांच्या पत्रकात घोड्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. टांगे गेले, घोडे आता वरातीपुरते उरले, हे खरे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टे होती, २०१९ च्या गणनेत ती साडेतीन लाखांच्या आत आली. पण वाड्याचे घोडे म्हणजे वाड्याचा ट्रॅक्टर. पाल, भांडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे, कधी कधी लहान लेकरूसुद्धा त्याच्या पाठीवर असते. घोडे थकले की वाडा हलत नाही. वाडा हलला नाही की मेंढ्या आमच्या वावरात बसत नाहीत, आणि मेंढ्या बसल्या नाहीत की आम्ही डीएपीच्या गोणीसाठी रांगेत उभे. धनगरांच्या या काटक घोड्यांना जुन्या काळी भीमथडीची तट्टे म्हणत. मराठ्यांची घोडदौड त्यांच्या पाठीवर झाली. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. नोंद झाली, चांगले झाले. नोंदीने पोट भरत नाही.

गायरानाची परीक्षा घ्यायची तर त्यात घोडे सोडावे. गाय-बैल जिभेने गवताचा पुंजका लपेटून उपटतात, त्यांना उंच गवत लागते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात आहेत. ते जमिनीलगत कातरल्यासारखे गवत कापते आणि दिवसाचे चौदा-पंधरा तास चरत राहते. त्याला रवंथ नाही, पोट लहान, ओकारी येत नाही. बुरशी लागलेले गवत बैल एखाद वेळी पचवील, घोड्याला पोटशूळ उठून ते रात्रीतून मरते. जिथे लीद पडली तिथले गवत घोडे खात नाही. म्हणून नुसतीच घोडी एका जागी बांधली तर माळाचे दोन भाग होतात: एक अगदी भादरलेला आणि एक तसाच वाढून वाळलेला. त्यावर जुन्या माणसांचा उपाय साधा होता. घोड्यांमागून गुरे सोडायची. घोड्याने टाकलेले गुरे खातात आणि घोड्याच्या पोटातले जंत गुरांच्या पोटात टिकत नाहीत, तेव्हा माळही साफ आणि जनावरेही साफ. लीद उचलून उकिरड्यावर टाकायची, आणि एका तुकड्यात पंधरा-वीस दिवसांच्या वर घोडे ठेवायचे नाही. पायबंद हा शब्द मुळात घोड्याचाच आहे. आज पायबंद घालायचा आहे तो आपल्या बेफिकिरीला.

आमचे म्हणणे एवढेच आहे की गवत हे पीक आहे. कपाशीला आपण वखरणी, डवरणी, फवारणी, सारे करतो. गवताला काही करत नाही आणि ते उगवले नाही म्हणून पावसाला शिव्या देतो. आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. गवताला तो पुरून उरतो.

गवताचे साल रोहिणीपासून धरावे. उन्हाळ्यात उताराला आडवे चर खोदून ठेवले असतील तर रोहिणीत त्यांच्या बांधावर बी टाकावे. पवन्या, मारवेल, अंजन ही आपल्या मातीची गवते. भुरक्या मातीत आणि शेणात बी कालवून लाडू करून टाकले की मुंग्या नेत नाहीत, वाराही नेत नाही. मारवेलाचे बी नीट उगवत नाही, त्याची ठोंबे आर्द्रा-पुनर्वसूत भर पावसात लावावी लागतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलाचे चांगले वाण काढले आहेत, ते मागवता येतात. सोबत स्टायलो टाकला तर जमिनीला नत्रही मिळते. त्याचे बी कठीण कवचाचे, गरम पाण्यात बुडवून काढल्याशिवाय फुगत नाही.

मृगापासून पोळ्यापर्यंत माळ बंद. या एका गोष्टीवर सगळे अवलंबून आहे आणि नेमकी हीच आपल्याला जमत नाही. पहिला पाऊस पडला, चार बोटे हिरवळ आली की सारे गाव गुरे घेऊन माळावर. त्या कोवळ्या कोंबात सत्त्व कमी, पाणीच जास्त. उन्हाळाभर कोरडे खाऊन आलेल्या घोड्याला तर ते एकदम मिळाले की पोट बिघडते. आणि कोंब खुडला गेला की गवताच्या मुळाला बळ राहत नाही, पुढच्या साली तिथे तरोटा येतो. तरोटा आपल्याला कोणी आणून दिला नाही. तो आपणच दरवर्षी मृगात पेरतो. याच दिवसांत, फुले येण्याआधी, गाजरगवत मुळासकट उपटले पाहिजे. फुलांवर आल्यावर उपटणे म्हणजे त्याचे बी गावभर वाटणे.

मग हस्त-चित्रा. गवत फुलोऱ्यावर आले की कापावे. बी पडून काडी पिवळी झाल्यावर कापले तर ते छपराला बरे, जनावराला नव्हे. कुसळी गवताचे तर विशेष लक्ष ठेवावे लागते. कोवळेपणी तो चांगला चारा आहे, पण कुसळ पिकले की ते मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरते आणि घोड्याच्या जिभेला नि हिरड्यांना जखमा करते. चाळीस एकरांचे चार तुकडे करावेत. एक तुकडा दरसाल न कापता, न चारता सोडावा, त्याचे बी पडू द्यावे. बाकीचे गवत विळ्याने कापून दोन-तीन उन्हे द्यावीत आणि उंच ओट्यावर गंजी घालावी. ओले गवत गंजीत गेले की आतून तापते, बुरसते.

या गंजीवरून एक आठवण सांगितली पाहिजे. सिंदखेडराजा आपल्या जिल्ह्यात आहे आणि दर जानेवारीला आपण तिथे जिजाऊंना वंदन करायला जातो. त्या माउलीच्या पुत्राने राज्याभिषेकाच्या सुमाराला चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढाच त्याचा भाग भाषणांत सांगितला जातो. पण ते पत्र आहे घोड्यांच्या दाण्यागवताचे. पावसाळाभर पुरेल असा साठा केला आहे, तो आजच मन मानेल तसा उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, असा त्याचा आशय आहे. पुढे विस्तवाची ताकीद आहे. जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारीक विचार. राज्य चालवणाऱ्याने गवताच्या काडीचा हिशेब ठेवला होता. आजच्या जिल्हा नियोजनाच्या कागदांत गवत शोधून पाहा.

दिवाळीनंतर माळ चराईला उघडावा, तोही एकेक तुकडा करून. त्याआधी कडेने आणि मधून दहा-बारा हात रुंद पट्टा साफ करून जाळरेषा काढून ठेवावी. आपल्याकडे माळ फाल्गुन-चैत्रात पेटतात. नवे गवत चांगले येते म्हणून काही जण मुद्दाम पेटवतात. येते, पण ते दोन सालापुरते. बी जळते, पालापाचोळा जळतो, आणि पहिल्या वळवाला उघडी माती वाहून जाते. उन्हाळ्यात कामे दोन: चर खोदणे आणि वेडी बाभूळ मुळासकट काढणे. वरून तोडली तर ती दुप्पट फुटते. ही दोन्ही कामे रोजगार हमीतून होऊ शकतात.

आता हिशेब. राखलेल्या माळावर एकरी टनभर वाळले गवत निघते, असे धरायला हरकत नाही. वाड्याचे अडीचशे किलोचे तट्टू दिवसाला पाच-सहा किलो वाळले गवत खाते. सात घोड्यांना दीड महिना म्हणजे दोन टनसुद्धा लागत नाही. दोन एकरांचे गवत! चाळीस एकर ई-क्लास असलेल्या गावाला दोन एकर गवत जमले नाही, म्हणून तीनशे मेंढ्यांचे महिनाभराचे खत आम्ही घालवले.

का जमले नाही? आमच्या लोकांना अक्कल नाही म्हणून नव्हे. हाच माणूस आपल्या बांधावरचे गवत कसे जपतो ते पाहा. विळा घेऊन कोणी बांधावर आले तर भांडण होते. बांधाला धनी आहे, गायरानाला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २२ जिल्हाधिकाऱ्याला गावची जमीन गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवण्याचा अधिकार देते. कलम २३ सांगते की हा चराईचा हक्क त्या त्या गावच्या गुरांपुरताच. या दोन कलमांत सगळी गोम आहे. जमीन सरकारची, चराई मोफत, राखायचे कोणी ते सांगितलेले नाही. जे मोफत ते आधी ओरबाडावे, नाही तर दुसरा ओरबाडील, हे शहाणपण माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. आणि शेकडो वर्षे येणारा धनगर, त्याचे घोडे, त्याच्या मेंढ्या या कलमात बसतच नाहीत. तो चोरासारखा चारून जातो, म्हणून त्यालाही माळाची काळजी घेण्यात काही लाभ नाही.

पण त्याच कलम २२ मध्ये मोफत चराईशेजारी आणखी एक प्रयोजन लिहिलेले आहे: गवताचे किंवा चाऱ्याचे राखीव क्षेत्र. त्याचा उपयोग आपण कधी केला नाही. आमचे मागणे त्यावर उभे आहे. ग्रामसभेने ठराव करावा, जिल्हाधिकाऱ्यांनी ई-क्लासचा मोठा भाग चारा-राखीव म्हणून नोंदवावा आणि त्यावरच्या गवताची मालकी ग्रामसभेकडे द्यावी. जमीन सरकारने आपल्याकडे ठेवावी, आम्हांला गवत पाहिजे. ग्रामसभा राखण्या ठेवील, विळ्याने कापून नेणाऱ्याकडून आणि चारणाऱ्याकडून दाम घेईल. गावकऱ्याला एक दर, वाड्याला एक दर. ज्या घरी जमीन नाही आणि दोनच शेळ्या आहेत, त्या घराला माफी. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या हिवरे बाजारने मोकाट चराई बंद करून कापून नेण्याची शिस्त लावली आणि उघडे डोंगर गवताने झाकले. ते गाव काही आपल्यापेक्षा जास्त पावसाचे नाही. खरे तर पाऊस तिथे बराच कमी.

फुकट देणारे मायबाप सरकार गवताला भाव आला की काय करते, हेही आपण पाहिले आहे. २०१८ साली आपल्या जिल्ह्यातल्या अनेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. अशा वर्षांत राज्यात ठिकठिकाणी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदीचे हुकूम निघतात. कडब्याला दोन पैसे मिळायची वेळ आली की सरकारला जनावरांची दया येते! १९७२ पासून एकाधिकार खरेदीत कापूस राज्याबाहेर नेऊ दिला नाही, ते दिवस ज्यांनी भोगले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गवताला बाजार मिळाला तरच कोणी गवत राखील. सोयाबीन आले तशी ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनच्या कुटाराला ढोर नाइलाजाने तोंड लावते. अशा वेळी गवत हा घाटावरच्या शेतकऱ्याचा उत्पन्नाचा माल होऊ शकतो.

दुसरीकडे ई-क्लासवर नवी नजर आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली आला आणि सरकारी जमिनी, त्यात गायरानेही, सौर पट्ट्यांसाठी नाममात्र भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. आमची अडचण उघड सांगतो. दिवसा वीज पाहिजे, ही आपलीच मागणी. रात्री पाणी द्यायला जाऊन साप चावून मेलेले आपलेच लोक. तेव्हा सौर पट्ट्या नकोत असे आम्ही म्हणत नाही. पण खासगी मालकाची जमीन घेतली तर याच योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये सालाचे भाडे आणि त्यावर वाढ. गावचा माळ घेतला तर नाममात्र. एकाच उन्हाचे दोन भाव कसे? मुरमाचे खड्डे पडलेला, गवत न येणारा तुकडा द्यावा, आणि त्याचे भाडे खासगी दराने ग्रामसभेच्या खात्यात यावे. त्यातून राखण्याचा पगार निघेल.

काही भाऊ म्हणतात, आधी अतिक्रमणे काढा, मग गवताचे बोला. या वाटेने आम्ही जाणार नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची वहिवाट नियमित करण्याचे ठरले. त्यातल्या कितीकांचा सातबारा अजून झालेला नाही. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले, त्याच जुलैत राज्याने शासन निर्णय काढला, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयापुढे राज्यभरातली अतिक्रमणे सव्वादोन लाखांच्या घरात असल्याचे आले. नोटिसा निघाल्या तेव्हा झोप कोणाची उडाली? झोपडीवाल्याची. ट्रकांनी मुरूम नेणाऱ्याची नव्हे. कसणाऱ्या भूमिहीनाचा प्रश्न त्याच्या कागदाने सुटू द्या. आमचा वाद उघड्या पडलेल्या माळाबद्दल आहे, आणि तो माळ राखायला तोच भूमिहीन सर्वांत आधी येईल, कारण शेळी त्याची आहे.

वऱ्हाडाला गवताची लढाई नवी नाही. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. तेव्हा गवत सरकारच्या कुलपात होते आणि रयतेला त्याची गरज होती. आज कुलूप नाही आणि गवतही नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या ई-क्लासचा सातबारा आणि गावनकाशा आणावा. किती एकर कागदावर, किती मोकळे, किती खड्ड्यांत, किती कसणाऱ्यांकडे आणि किती सौरसाठी मागितले आहे, हे एका कागदावर लिहून आणावे. ठरावाचा मसुदा बैठकीत वाचला जाईल. ज्या गावांत पूर्वी वाडे उतरत, त्यांनी ते कोणत्या सालापासून बंद झाले तेही लिहावे.

आमच्या गावाने यंदा सगळा माळ नव्हे, पण ओढ्याकडचे दोन एकर मृगापासून बंद करायचे ठरवले आहे. काटेरी कुंपण घातले, राखणीला पाळीपाळीने माणसे लावली. बाबांना तसे फोनवर कळवले. ते म्हणाले, "पोळ्याला एक घोडं घिऊन येतो, त्याला सोडून बघतो. त्यानं खाल्लं तर कार्तिकात समदा वाडा आणतो."